कॅलिफोर्नियाच्या रेड आणि व्हाइट वाइन कशा चाखाव्या, कशा जोखाव्या

कॅलिफोर्नियाची वाइन बहुतेकांना पहिल्या घोटालाच आवडून जाते. तिथल्या उन्हात द्राक्षं पूर्ण पिकतात, त्यामुळे फळाचा गोडवा, अल्कोहोलची ऊब आणि ओकच्या बॅरलमधून आलेला व्हॅनिला हे तिन्ही एकदम जिभेवर येतात. पण वाइनमधल्या उणिवा झाकल्या जातात त्याही याच तीन गोष्टींमुळे. म्हणून नापा किंवा सोनोमा या तिथल्या वाइनच्या प्रदेशांतल्या बाटलीचा खरा निकाल तिसऱ्या घोटाला, आणि अर्ध्या तासाने ग्लासात उरलेल्या वाइनवर लागतो. पुढची सगळी पद्धत याच हिशेबाने लावली आहे.

आधी थोडं ऊन आणि धुकं समजून घ्या

या राज्यात उत्तरेला थंड आणि दक्षिणेला गरम असा सरळ हिशेब चालत नाही. किनाऱ्यालगत पॅसिफिकचा थंड प्रवाह वाहतो. डोंगररांगांत जिथे खिंड किंवा खाडी आहे, तिथून धुकं आत शिरतं. सॅन पाब्लोच्या उपसागरावरून ते कार्नेरोसमध्ये आणि नापा खोऱ्याच्या दक्षिण टोकाला येतं, म्हणून नापाचं दक्षिण टोक थंड आणि उत्तरेचं कॅलिस्टोगा गरम. पेटालुमाच्या खिंडीतून येणारी समुद्राची हवा रशियन रिव्हर खोऱ्यापर्यंत पोचते. बरंच खाली सांता बार्बराकडे डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत, त्यामुळे समुद्राची हवा थेट आत घुसते आणि सांता रीटा हिल्ससारख्या दक्षिणेकडच्या भागातही पिनो न्वार (रेड वाइनची) आणि शार्डोने (व्हाइटची) या द्राक्षाच्या जाती चांगल्या पिकतात.

चाखणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: दिवसाचं ऊन द्राक्षात साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. नापात कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेडची जात साधारण २५-२६ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडली जाते. ब्रिक्सला ०.६ ने गुणलं की अंदाजे अल्कोहोल निघतं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या पिकलेल्या द्राक्षात आंबटपणा उतरलेला असतो, म्हणून बऱ्याच वाइनरी टार्टारिक आम्ल घालतात. कॅलिफोर्नियात त्याला परवानगी आहे. साखर घालून अल्कोहोल वाढवायला मात्र कायद्याने बंदी आहे. घातलेलं आम्ल नीट मिसळलं नसेल तर आंबटपणा फळाबरोबर न येता घोटाच्या शेवटी वेगळा, टोचल्यासारखा लागतो. हे ओळखायला शिकण्यासारखं आहे.

लेबल किती सांगतं

बाटली विकत घेताना लेबलवरचे शब्द मोजूनमापून वाचावेत. द्राक्षाच्या जातीचं नाव असेल तर किमान ७५ टक्के वाइन त्या जातीची लागते. पिनो न्वार अपेक्षेपेक्षा गडद आणि जाड लागली, तर उरलेल्या २५ टक्क्यांत सिराहसारखं गडद द्राक्ष असू शकतं. नापा व्हॅलीसारख्या ठरवून दिलेल्या प्रदेशाचं नाव असेल तर ८५ टक्के द्राक्षं तिथली. नुसतं ‘कॅलिफोर्निया’ असेल तर सगळी १०० टक्के त्या राज्यातली. एखाद्या मळ्याचं नाव असेल तर ९५ टक्के त्या मळ्यातली. ‘ओल्ड व्हाइन’ आणि ‘रिझर्व्ह’ या शब्दांना मात्र कायद्यात कसलीच व्याख्या नाही. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

अल्कोहोलच्या आकड्यातही सूट असते. १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला दीड टक्का आणि त्यावरच्या वाइनला एक टक्का इकडेतिकडे चालतं. लेबलवर १४.५ असेल तर आत १५.५ असू शकते. घशाला जाणवणारी ऊब छापलेल्या आकड्याशी जुळली नाही, तर आकड्यापेक्षा घशावर विश्वास ठेवा.

मांडामांड

एका बैठकीला चार ते सहा वाइन पुरेत. आठ-दहानंतर टॅनिन (तुरटपणा देणारा पदार्थ) आणि अल्कोहोलने जीभ बधिर होते आणि मग जी वाइन सर्वांत जाड आणि गोड तीच वर येते. कॅलिफोर्नियाच्या बाबतीत हा धोका जरा जास्तच आहे. प्रत्येक ग्लासात ५० मिलीलिटर घ्या. ७५० मिलीलिटरच्या बाटलीतून असे १५ ग्लास भरतात. एवढ्यात तीन-चार घोट होतात आणि अर्ध्या तासाने परत चाखायला थोडी उरते.

ग्लास पायाचा, पातळ काचेचा, वरच्या बाजूला निमुळता होणारा हवा. महागडा नको, पण सगळे एकाच आकाराचे हवेत. ग्लास बदलला की वास बदलतो. कपाटात उपडे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास धरतात, तर साबणाचा अंश वाइनचा वास मारतो. ते गरम पाण्याने विसळा, आणि पहिल्या वाइनचे दोन चमचे आत फिरवून ओतून टाका.

घरात चाखणार असाल तर त्या दिवशी फोडणी, उदबत्ती, धूप, अत्तर, गजरा काही नको. चहा-कॉफी, पान-सुपारी, टूथपेस्ट तासभर आधीपासून बंद. सकाळी दहा ते बारा ही वेळ उत्तम, कारण पोट थोडं रिकामं असतं आणि नाक ताजं. सोबत साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव ठेवा. चीज ठेवू नका. त्यातली प्रथिनं टॅनिनला धरतात आणि स्निग्धता जिभेवर थर देते, मग करकरीत कॅबर्नेही मऊ वाटते. चीज जेवताना घ्यावं.

तापमानाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. सोव्हिन्यों ब्लाँ ८ ते १० अंशांना, शार्डोने १० ते १३ ला, पिनो न्वार १३ ते १५ ला, कॅबर्ने आणि झिनफंडेल १६ ते १८ अंश सेल्सिअसला चाखावी. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात अगदी चुकीचा ठरतो, आणि सॅक्रामेंटोच्या जुलैतही. २५ अंशांना १५ टक्के अल्कोहोलची वाइन नुसती भपकते. बाटली ३० अंशांना असेल तर बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेल्या बादलीत रेड साधारण १० मिनिटं आणि व्हाइट २०-२५ मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये हेच काम रेडला दीड-दोन तास, व्हाइटला तीन-साडेतीन तास घेतं. नुसता बर्फ घालू नका, त्याचा बाटलीशी स्पर्श कमी होतो, पाणी हवंच.

बाटल्या कागदी पिशव्यांत झाका, गळ्यावरची टोपी पूर्ण काढा, ओतायचं काम दुसऱ्या कुणाला द्या आणि ग्लासांना क, ख, ग अशी अक्षरं द्या. किंमत माहीत असली की नाक तिच्याच मागे जातं. याच सहा ग्लासांत एक वाइन न सांगता दोनदा ठेवायला सांगा. स्वतः वाइनरी चालवणारे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेतल्या परीक्षकांची अशीच परीक्षा घेतली होती. एकाच बाटलीतली वाइन एकाच फेरीत तीनदा दिल्यावर जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या श्रेणीत बसवलं. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. अनुभवी परीक्षकांची ही गत असेल, तर घरच्या टेबलावर हा दुहेरी ग्लास हवाच.

थुंकायला प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक मग द्या. सहा वाइन गिळल्या तर शेवटच्या दोनांबद्दलचं मत टाकाऊ ठरतं.

जीभ आणि नाक आधी जुळवून घ्या

पहिल्या काही बैठकींआधी हा सराव केला तर पुढचं निम्मं काम सोपं होतं. स्वस्त, कोरडी, ओक नसलेली, १३ टक्क्यांच्या आसपासची एक व्हाइट वाइन घ्या आणि १५० मिलीलिटरचे पाच भाग करा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात दीड ग्रॅम साखर विरघळवा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम झाली. तिसऱ्यासाठी ३ ग्रॅम लिंबूसत्त्व १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिलीलिटर घाला. आंबटपणा लिटरला सुमारे २ ग्रॅमने वाढतो. चौथ्यात ९ मिलीलिटर व्होडका, म्हणजे अल्कोहोल साधारण दीड टक्क्याने वर. पाचव्यात दहा मिनिटं मुरवलेला, बिनदुधाचा, गार काळा चहा १५ मिलीलिटर, हे टॅनिन. आता साध्या ग्लासाशी प्रत्येकाची तुलना करा. लोक आंबट, तुरट आणि कडू यांची सर्रास गल्लत करतात. आंबटाने घोट गेल्यावर जबड्याच्या कडेने लाळ सुटते. तुरटाने उलट होतं: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, ओढल्यासारखी होते, जशी कच्च्या आवळ्याने होते. कडूपणा ही चव आहे आणि ती घोट गेल्यावरही रेंगाळते. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असा नकाशा शाळेत शिकवला जायचा, तो चुकीचा आहे; सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

वासांचाही असाच सराव करता येतो. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं, त्यामागे अशाच प्रत्यक्ष नमुन्यांची पद्धत होती. ५० मिलीलिटर साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा एक सेंटिमीटरचा तुकडा पाच-दहा मिनिटं ठेवून काढून टाका. दुसऱ्या ग्लासात एक लवंग, तिसऱ्यात व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब, चौथ्यात बटर इसेन्सचा एक थेंब, पाचव्यात काळ्या मिरीची चिमूट. ग्लासावर बशी झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग वास घ्या. वर्णनं इंग्रजी पुस्तकांतूनच उचलायला हवीत असं नाही. ब्लॅककरंट कधी खाल्लंच नसेल तर तो शब्द लिहून उपयोग काय? जांभूळ, करवंद, कोकम, पेरू, कैरी, तमालपत्र, शेपू, गूळ, बेदाणे हे आपल्या नाकाला नेमके माहीत असलेले वास आहेत. अट एकच: दर वेळी त्याच वासाला तोच शब्द वापरायचा.

डोळे: अर्धं मिनिट पुरे

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. व्हाइटमध्ये हिरवट छटेचा फिका पिवळा म्हणजे स्टीलच्या टाकीतली तरुण वाइन, सोनेरी म्हणजे बॅरल किंवा वय. दोन-तीन वर्षांची व्हाइट तपकिरीकडे झुकली असेल तर हवा लागलेली असण्याची शक्यता मोठी. रेडमध्ये मध्यभागापेक्षा कडा बघा: जांभळी कडा तरुण, विटकरी कडा वयस्क. रंगाच्या गडदपणावर गुण देऊ नका. पिनो न्वार स्वभावतःच फिकी असते, पेटिट सिराह ही जात शाईसारखी. शिवाय स्वस्त रेडमध्ये रंग आणि गोडवा वाढवायला रुबीरेड द्राक्षांचा आटवलेला रस घातला जातो. ग्लासाच्या काचेवरून ओघळणारे ‘अश्रू’ अल्कोहोलचे असतात, दर्जाचे नव्हेत. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी.

नाक: पहिला वास न हलवता

ग्लास टेबलावरून अलगद उचला आणि न फिरवता एक छोटा वास घ्या. दोष असेल तर तो इथे सर्वांत स्पष्ट कळतो. मग ग्लास चार-पाच वेळा गोल फिरवून दोन-तीन छोटे वास घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं. दोन ग्लासांमध्ये स्वतःच्या बाहीचा वास घेतला की नाक परत जागेवर येतं.

दोषांचं म्हणाल, तर ओलं पुठ्ठं, ओलसर गोणपाट, बंद तळघर असा वास आला आणि फळ गायब असेल तर बुचातला टीसीए नावाचा पदार्थ वाइनमध्ये उतरला आहे. लिटरला काही नॅनोग्रॅम एवढासुद्धा पुरतो. हवेने तो जात नाही, उलट दहा मिनिटांत वाढतो. बाटली परत करा. उकडलेल्या अंड्याचा किंवा विझवलेल्या काडीचा वास गंधकाच्या संयुगांचा. ग्लासात स्वच्छ तांब्याचं नाणं टाकून हलवा. वास गेला तर निदान पक्कं झालं (हा ग्लास मात्र पिऊ नका, ओतून द्या). शार्डोनेत काडेपेटीचा हलका वास काही वाइनरी मुद्दाम आणतात, तो दोषात धरू नये. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे बाष्पशील आम्ल. तबेला किंवा जखमेवर लावायची चिकटपट्टी म्हणजे ब्रेट नावाचं यीस्ट. पुसटसं असेल तर काहींना आवडतं, पण फळावर स्वार झालं की गुण कापावेत. शिजवलेल्या फळाचा, करपलेल्या पाकाचा वास आणि किंचित वर आलेलं बूच दिसलं तर बाटली कुठेतरी गाडीत उन्हात तापली आहे.

धुराचा दोष वेगळा सांगायला हवा, कारण तो नाकाला पटकन सापडत नाही. वणव्याच्या धुरातली संयुगं द्राक्षात साखरेला जोडून बसतात आणि तोंडात लाळेने सुटी होतात. म्हणून घोट थुंकल्यावर अर्धं ते एक मिनिट थांबा. मागून ओल्या राखेची, विझलेल्या चुलीची चव आली तर तो धूर. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये नापा-सोनोमात मोठे वणवे लागले तेव्हा बरीच रेड द्राक्षं वेलींवरच होती. कित्येक वाइनरींनी त्या वर्षीची रेड काढलीच नाही. त्या सालाची रेड हाती आली तर हे एक मिनिट न विसरता द्या. मात्र सालावरून आधीच निकाल लावू नका, त्याच वर्षी धुराआधी तोडलेली द्राक्षंही होती.

दोष नसेल तर वास तीन टोपल्यांत टाका: द्राक्षाचा, लाकडाचा, वयाचा. अमेरिकन ओक नारळ, शेपू आणि ठळक व्हॅनिला देतो. फ्रेंच ओक लवंग, भाजलेली कॉफी, देवदाराची ढलपी. लाकूड नाकात सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने येत असेल तर कागदावर फक्त ‘लाकूड आधी’ एवढं लिहा आणि निर्णय पुढे ढकला. वीस मिनिटांनी फळ वर आलं तर वाइन नुसती तरुण आहे. नाही आलं, तर फळ मुळातच पातळ होतं.

तोंड: खरी परीक्षा

१० ते १५ मिलीलिटरचा घोट घ्या, आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. पहिल्या घोटावर काही लिहू नका, तो जीभ ओली करण्यासाठी. दुसऱ्या घोटाला आंबटपणा, टॅनिन, अल्कोहोल, साखर वेगवेगळे शोधा. तिसऱ्याला ते एकमेकांशी कसे वागतात ते बघा.

साखरेचा गोंधळ इथे हमखास होतो. पिकलेलं फळ, व्हॅनिला आणि जास्त अल्कोहोल या तिन्हींनी कोरडी वाइनही गोड भासते. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा नाहीसा झाला तर तो वासाचा होता. टिकला, तर बहुधा साखर आहे. लिटरला ४ ग्रॅमपर्यंतची वाइन कोरडी धरतात. दुकानात ‘रेड ब्लेंड’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त बाटल्यांत ८-१० ग्रॅम किंवा त्याहून जास्त असते. वाइनरीच्या संकेतस्थळावर तांत्रिक तक्ता असेल तर साखर, पीएच आणि एकूण आम्लता चाखून झाल्यावर ताडून बघा. कॅबर्नेचा पीएच ३.६ ते ३.९ आणि सोव्हिन्यों ब्लाँचा ३.२ ते ३.४ ही नेहमीची पट्टी आहे.

अल्कोहोल टक्क्यावर जोखू नये. १५ टक्क्यांची एखादी झिनफंडेल डौलात उभी राहते आणि १४ टक्क्यांची एखादी पिनो घसा पोळते. थुंकल्यावर तोंडाने श्वास बाहेर सोडा. फळाची चव आधी आली की आच आधी आली, एवढंच बघा.

शेवट, म्हणजे फिनिश, सेकंदांत मोजा. थुंकल्यावर फळाची किंवा मसाल्याची सुखद चव किती टिकते? पाचाच्या आत आखूड, दहाच्या आसपास मध्यम, पंधराच्या पुढे लांब. ऊब, कडूपणा किंवा व्हॅनिला रेंगाळला तर तो मोजायचा नाही. अनेक महागडी कॅबर्ने इथेच पडतात: वीस सेकंद काहीतरी टिकतं खरं, पण त्यातलं फळ चौथ्या सेकंदालाच संपलेलं असतं.

व्हाइट: कुठे काय शोधायचं

शार्डोने ही कॅलिफोर्नियाची सर्वांत जास्त लावली जाणारी पांढरी जात, आणि जोखायला सर्वांत अवघड, कारण तिचा स्वतःचा वास बेताचा आणि कारागिराचा हात मोठा. द्राक्षातलं मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी मवाळ लॅक्टिक आम्लात बदललं की आंबटपणा उतरतो आणि डायअसेटिल तयार होतं, तेच लोण्याचा वास देतं. त्यात नवा ओक आणि तळाच्या यीस्टचं ढवळणं मिसळलं की जाड, तुपाळ शैली तयार होते. ही शैली वाईट नाही. प्रश्न एवढाच की लोण्याखाली सफरचंद, पेअर, लिंबाची साल असं काही आहे का. अशी वाइन १२ अंशांना एकदा आणि १६ अंशांना परत चाखा. गारव्यात व्यवस्थित वाटणारी, पण १६ ला पसरट, जड होणारी शार्डोने आंबटपणात कमी आहे. सोनोमा कोस्ट, सांता रीटा हिल्स, कार्नेरोस इथल्या चांगल्या बाटल्या ऊब चढल्यावरही ताठ राहतात. १९७६ साली पॅरिसच्या आंधळ्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी पहिली ठरवलेली व्हाइट कॅलिफोर्नियाचीच होती: शातो माँटेलेना वाइनरीची १९७३ची शार्डोने.

सोव्हिन्यों ब्लाँ वाचायला सोपी. कच्च्या बाजूला ढोबळी मिरची, गवत. पिकलेल्या बाजूला पेरू, खरबूज, पीच. मिरची पूर्ण नसावी असं नाही, पण तीच एकटी असेल तर द्राक्षं सावलीत राहिली किंवा लवकर तोडली. फळ नुसतंच खरबुजी आणि शेवट ढिला असेल तर उशीर झाला. ‘फ्युमे ब्लाँ’ ही याच द्राक्षाची, नापाचे वाइन उत्पादक रॉबर्ट मोंडावी यांनी रूढ केलेल्या नावाची वाइन आहे. त्यात अनेकदा ओक असतो. नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ पिणाऱ्यांना तुलनेला ही जात चांगली सापडते. सुलाच्या राजीव सामंतांना सुरुवातीपासून कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांची साथ होती, त्यामुळे दोन्हीकडची शैली शेजारी ठेवून चाखण्यात अर्थ आहे.

रेड: टॅनिनचा पोत आणि पिकण्याची रेघ

कॅबर्नेत पिकण्याची रेघ अशी आखा: ढोबळी मिरची, मग तमालपत्र-पुदिना, मग जांभूळ आणि काळी फळं, मग मुरांबा, शेवटी बेदाणे. चांगली नापा कॅबर्ने मधल्या भागात बसते आणि हिरव्या बाजूची एखादी छटा राखून ठेवते. २०११ सारख्या थंड सालात ती हिरव्या बाजूकडे सरकते. सप्टेंबर २०२२च्या सुरुवातीच्या उष्णतेच्या लाटेत जी द्राक्षं अडकली, ती बेदाण्यांकडे. टॅनिन किती यापेक्षा कुठे आणि कसं लागतं ते लिहा: जीभ हिरड्यांवरून फिरवा, खरखरीत की मखमली, पुढे की मागे. खोऱ्याच्या तळातल्या ओकव्हिल-रदरफर्डपेक्षा डोंगरावरची, जशी १,४०० फुटांच्या वर धुक्याच्या रेषेपलीकडे असलेल्या हॉवेल माउंटनची, टॅनिन जास्त घट्ट. तरुणपणी तिला कमी गुण देऊन मोकळं होऊ नका. फळ टॅनिनच्या बरोबरीने शेवटपर्यंत टिकतंय का ते बघा. टिकत असेल तर ती मुरेल. फळ आधी संपत असेल तर बारा वर्षांनी नुसतं टॅनिनच हाती येईल.

झिनफंडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात हिरवे मणी आणि सुकत आलेले मणी असतात, म्हणून वाइनमध्ये आंबट बोरं आणि बेदाणे एकत्र येतात. हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. लोडायची मऊ आणि मुरांब्यासारखी, ड्राय क्रीक व्हॅलीची काळ्या मिरीची आणि जरा ताठ. तिच्यात उरलेली साखर आणि आच हे दोन तपासावेतच. पिनो न्वारमध्ये लाल फळ, कोकमासारखा आंबटपणा आणि हलका पोत हवा. गोड कोलासारखा वास रशियन रिव्हरच्या बाटल्यांत येतो, तो जातीला धरून आहे. सिराह आणि पेटिट सिराह एकत्र चाखत असाल तर दुसरी शेवटी ठेवा, तिच्या टॅनिननंतर बाकी काही नीट लागत नाही.

गुण

डेव्हिसला मेनार्ड अमेरिन आणि सहकाऱ्यांनी बसवलेली २० गुणांची पट्टी मुख्यतः दोष हुडकण्यासाठी होती. आज स्वच्छ वाइन बनवणं सर्वदूर जमलेलं असल्याने त्या पट्टीवर मध्यम वाइनही बऱ्यापैकी वर जाते. आमच्या मते कॅलिफोर्नियासाठी २० गुण असे वाटावेत: नाक ५, तोंडातला तोल ५, फिनिश ४, जात आणि जागा ओळखू येण्याला ३, आणि अर्ध्या तासानंतरच्या ग्लासाला ३. रंगाला काहीच नाही. ठळक दोष असेल तर गुण न देता बाटली बाजूला. प्रत्येकाने आपले गुण गुपचूप लिहावेत आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच बोलावं. टेबलावर एकाने ‘व्हॅनिला’ म्हटलं की सहाही जणांना व्हॅनिला येतो.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तीच पट्टी परत लावा. कालच्यापेक्षा दोन गुण वर गेलेली रेड ठेवून द्यायच्या लायकीची समजा. जी एका रात्रीत सपाट झाली, ती या वर्षात संपवा.

वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये, मग ती नापाची असो किंवा फ्रीमाँट-सॅन होजेच्या मराठी घरांना जवळ पडणारी लिव्हरमोरची, ही सगळी मांडामांड शक्य नसते. तिथे तीन गोष्टी तरी करा: थुंकायचं भांडं मागून घ्या, रेड गरम वाटली तर थंड बाटलीतून ओतायला सांगा, आणि आवडलेली वाइन पाच मिनिटांनी परत चाखल्याशिवाय खोका विकत घेऊ नका. गाडी चालवणाऱ्याने गिळायचंच नाही. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि मोठ्या ओतणीच्या सहा ग्लासांत ती सहज ओलांडली जाते. भारतात न्यायच्या असतील तर शुल्काशिवाय माणशी दोन लिटर, म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोनच बाटल्या बसतात. पोचल्यावर त्या आठवडाभर थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवा आणि मगच उघडा.

झाकलेल्या पिशव्या उघडल्यावर आधी तो दुहेरी ग्लास शोधा. दोन्हींच्या गुणांत एकाचा फरक असेल तर बाकीचे आकडे धरून चाला. तीन किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या दिवसाचे गुण खोडा, वर्णनं ठेवा आणि पुढच्या वेळी चारच वाइन मांडा.